जुगाराच्या छाप्यातील वाहने: जप्तीनंतर काय?

संपादक महोदय,

मुंबईत जुगाराच्या अड्ड्यावर छापा पडला की 'इतक्या लाखांचा मुद्देमाल जप्त' असा मथळा येतो. पंचनामा वाचला तर रोकड बहुधा थोडीच असते. आकडा फुगतो तो मोबाइल आणि बाहेर लावलेल्या गाड्यांच्या किमतीने. यांतली कोणती गाडी धंद्यात वापरली आणि कोणती खेळायला आलेल्याने नुसती दारात लावली होती, हे त्या कागदावर क्वचितच कळते. पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

जुगारबंदीचा कायदा १८८७ चा. त्यातील कलम ८ प्रमाणे दोष सिद्ध झाल्यावर जुगाराची साधने नष्ट किंवा सरकारजमा करता येतात, अड्ड्यात सापडलेल्या इतर वस्तू विकून पैसा सरकारकडे घेता येतो. पण अमली पदार्थांच्या कायद्यात कलम ६० मध्ये वाहनाबद्दल जशी स्वतंत्र तरतूद आहे, तशी इथे नाही. म्हणून गाडी कायमची सरकारजमा करायची तर ती गुन्ह्यात वापरली गेली, हे पुराव्याने दाखवावे लागते. 'एक दुचाकी, जु.वा.किं.अं. (जुनी वापरती, किंमत अंदाजे) ३०,००० रु.' एवढ्या एका ओळीवर ते कसे सिद्ध होणार?

डिकीतून आकड्यांच्या चिठ्ठ्या निघाल्या का, किती निघाल्या, वसुलीची रोकड गाडीत होती की खिशात, चावी कोणाकडे मिळाली, हे पंचनाम्यात आलेच पाहिजे. नोंदणी क्रमांकाबरोबर इंजिन आणि चेसिस क्रमांक प्रत्यक्ष गाडीवरून उतरवून घ्यावेत. किलोमीटरचे रीडिंग, बॅटरी, स्टेपनी, टायर यांचीही नोंद हवी. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने झडती व जप्तीचे चित्रीकरण बंधनकारक केले आहे. त्यात डिकी उघडतानाचा क्षण नसेल, तर गाडी आणि जुगार यांना जोडणारा सर्वात भक्कम पुरावा हातचा जातो.

गाडीमालकांसाठी: ताब्यासाठी अर्ज याच संहितेच्या कलम ४९७ खाली, आणि मुद्देमाल न्यायालयापुढे आलाच नसेल तर ५०३ खाली करावा. (जुन्या खटल्यांत, म्हणजे आधीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत, हीच कलमे ४५१ व ४५७ आहेत.) सोबत आरसी, विमा, ओळखपत्र आणि गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र लावावे. सरकारी वकिलांचा 'से' (लेखी म्हणणे) आणि तपास अधिकाऱ्याचा अहवाल आला की सुनावणी होते. आदेशात सहसा बंधपत्र, गाडी न विकणे, रंगरूप न बदलणे आणि बोलावल्यावर हजर करणे या अटी असतात. अर्ज अडतात ते दोन कारणांनी. गाडी विकत घेतली पण आरटीओत नावावर केली नाही. किंवा पंचनाम्यात चेसिस क्रमांकाचा एक आकडा चुकला. दुसऱ्या बाबतीत आधी दुरुस्ती करून घ्यावी, नाहीतर आदेश हातात असूनही गाडी सुटत नाही.

सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच बजावले होते की जप्त वाहने पोलीस ठाण्यात दीर्घकाळ ठेवण्यात काहीच अर्थ नाही. आता कलम ४९७ मध्ये मुदतीच आल्या आहेत. मालमत्ता न्यायालयापुढे आल्यापासून १४ दिवसांत तिचे विवरण, मग छायाचित्रे, आणि त्यानंतर ३० दिवसांत विल्हेवाटीचा आदेश. तरीही मुंबईत पोलीस ठाण्यांबाहेर, फुटपाथला लागून गंजत पडलेल्या गाड्या आपण रोज पाहतो. खाऱ्या हवेत पत्रा सडतो, बॅटरी मरते, टायरमध्ये पावसाचे पाणी साचून डासांची पैदास होते. लिलाव होईपर्यंत भंगाराचा भाव उरतो. नुकसान सरकारचेही आणि निर्दोष मालकाचेही.

खरा धंदा चालवणारा मात्र यातून अलगद सुटतो, आणि हे मला सर्वात जास्त खटकते. त्याची महागडी गाडी छाप्याच्या जागी कधी नसतेच. पकडली जाते ती रायटरची, म्हणजे आकड्यांच्या चिठ्ठ्या लिहिणाऱ्याची, जुनी स्कूटर. सट्ट्याच्या पैशांतून घेतलेल्या मालमत्तेसाठी नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १०७ आहे. पोलीस आयुक्तांच्या मंजुरीने तपास अधिकारी न्यायालयाकडे जप्तीचा अर्ज करू शकतो. मालकाला १४ दिवसांची कारणे दाखवा नोटीस जाते. त्यासाठी बँक खाती, कर्जाचे हप्ते कोणी भरले, विम्याचा हप्ता कोणाच्या खात्यातून गेला, हे तपासावे लागते. हे काम छाप्याइतके झटपट नाही, पण पोलिसांनी वेळ द्यायचा तर इथे द्यावा.

आणखी एक. बरेच आरोपी गुन्हा कबूल करून दंड भरतात आणि प्रकरण त्याच दिवशी निकाली निघते. त्या आदेशात गाडीचा उल्लेख राहून गेला, तर ती वर्षानुवर्षे मुद्देमालाच्या रजिस्टरवर लटकते. वकिलांनी आणि सरकारी पक्षानेही त्याच दिवशी कलम ४९८ खाली गाडीबाबत स्पष्ट आदेश मागावा, आणि त्याची प्रत मुद्देमाल कारकुनाकडे लगेच पोहोचवावी.

– फौजदारी कामकाज पाहणारा एक वकील, माझगाव, मुंबई