सोळा चौकोन आणि खालीची मोकळी जागा

सदाशिव पेठ, पुणे

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार.

तबला माळ्यावर ठेवून पंधरा वर्षे झालेला माणूस आता लॅपटॉपवर ठेके बसवतो म्हणजे नेमके काय करतो, असे तू मागच्या पत्रात विचारले होतेस. फोनवर सांगून ते कळले नसते, म्हणून सविस्तर लिहितो.

पडद्यावर एकाखाली एक ओळी असतात. प्रत्येक ओळ एका आवाजाची, आणि प्रत्येक ओळीत सोळा चौकोन. चौकोनावर टिचकी मारली की तो उजळतो, डावीकडून सरकत येणारी खूण त्याच्यावर पोहोचली की तो आवाज वाजतो, आणि सोळावा चौकोन संपताच पुन्हा पहिला सुरू होतो. यालाच स्टेप सिक्वेन्सर म्हणतात. ही मांडणी मुळात सॉफ्टवेअरची नव्हे. रोलंड या जपानी कंपनीने 1980 मध्ये आणलेल्या टीआर-808 या यंत्रावर अशीच सोळा बटणे ओळीने होती, चार लाल, चार नारिंगी, चार पिवळी आणि चार पांढरी. मुंबईचे चरणजितसिंग यांनी 1982 मध्ये रागांच्या सुरावटींना याच यंत्राची साथ दिली होती, हे कळल्यावर मला उगाचच धीर आला.

सोळा म्हटल्यावर तुला जे सुचले असेल तेच मलाही सुचले. पहिल्याच रात्री मी सोळा चौकोनांत तीनतालाच्या सोळा मात्रा भरल्या, टेम्पो, म्हणजे मिनिटाला पडणारे ठोके, 120 होता तो तसाच ठेवला आणि बटण दाबले. शेवया पाडण्याच्या यंत्रातून ठेका बाहेर पडावा तसे काहीतरी ऐकू आले. सॉफ्टवेअरच्या हिशेबात एक चौकोन म्हणजे एक ठोका नसून ठोक्याचा चौथा भाग असतो; त्यामुळे 120च्या टेम्पोला एक चौकोन 125 मिलिसेकंदांत संपतो आणि तीनतालाचे अख्खे आवर्तन, म्हणजे सोळा मात्रांचा पूर्ण फेरा, दोन सेकंदांत. मग टेम्पो 40वर आणला. सहा सेकंदांचे आवर्तन मिळाले, लय बरी झाली, पण दोन मात्रांच्या मध्ये एकही चौकोन शिल्लक राहिला नाही, मग ‘तिरकिट’ हा चार अक्षरांचा जलद बोल ठेवायचा कुठे? शेवटी आवर्तन चौसष्ट चौकोनांचे केले आणि टेम्पो 160 ठेवला. आवर्तन पुन्हा सहा सेकंदांचेच, परंतु प्रत्येक मात्रेच्या पोटात चार घरे. ‘तिरकिट’ एका मात्रेत नेमका बसला.

आता खरी गंमत ऐक. सॅम्पलच्या, म्हणजे ध्वनिमुद्रित आवाजांच्या, संचात ‘धा’ असा तयार आवाज मी मुद्दामच घेतला नाही. तबल्याच्या काठावरचा, म्हणजे चाटेवरचा ‘ना’, त्याच्या आतल्या लवेवरचा ‘तिं’ आणि डाव्या हाताच्या डग्ग्याचा ‘गे’ अशा तीन वेगळ्या ओळी केल्या, कारण ‘धा’ म्हणजे ‘ना’ आणि ‘गे’ एकत्र, हे आपल्याला पहिल्याच महिन्यात शिकवले होते. ओळी भरून झाल्यावर पडद्याकडे पाहिले तर ‘ना’ आणि ‘तिं’ दर चार मात्रांनी जशीच्या तशी पुनरावृत्ती करत होते, ना-तिं-तिं-ना, चारही विभागांत, काडीचाही फरक नाही. फरक होता तो फक्त डग्ग्याच्या ओळीत: पहिल्या नऊ मात्रा भरलेल्या, दहा ते तेरा रिकाम्या, चौदापासून पुन्हा भरलेल्या. टाळी-खाली आपण इतकी वर्षे हाताने दाखवत आलो, नवव्या मात्रेवर टाळी न देता हात उघडून खाली दाखवायची, पण खालीचा रितेपणा नवव्या मात्रेवर नव्हे तर दहाव्यापासून ऐकू येतो आणि चौथ्या विभागाच्या पहिल्या ‘ता’वरही टिकतो, हे माझ्या डोळ्यांना प्रथमच दिसले. हाताला ते अर्थातच ठाऊक होते.

तरीही ठेका निर्जीव वाजत होता. प्रत्येक आघाताचा जोर 1 ते 127 या मापात ठरवता येतो, आणि मी सगळे 100वर ठेवले होते. सम, म्हणजे पहिली मात्रा, 118, बाकीचे सत्तर ते नव्वदच्या दरम्यान, तेराव्या मात्रेचा ‘ता’ साठच्याही खाली असे केल्यावर कुणीतरी मांडी घालून बसले आहे असे वाटू लागले. डग्ग्याचा घिस्सा, म्हणजे मनगट घासून काढलेला घुमारा, मात्र मला अजून साधलेला नाही. मनगट जे सहज करते ते चौकोनातून काढणे हे दुःखच आहे.

‘स्विंग’ नावाचा एक कान पिळायचा खटका आहे, तोही सांगतो. तो प्रत्येक सम क्रमांकाचा चौकोन थोडा उशिरा वाजवतो. 90च्या टेम्पोला 58 टक्के स्विंग दिले तर हा उशीर जेमतेम 27 मिलिसेकंदांचा असतो, तरी चाल लगेच झुलू लागते. तीनतालाला मी तो लावला नाही, तिथे तो आगाऊपणा वाटतो. ढोल-ताशासाठी मात्र वापरून पाहिला आणि फसलो. पथकात पन्नास ढोल एका क्षणी कधीच पडत नाहीत, आणि नदीपात्रातल्या सरावात आपण जो भरीव दणका ऐकायचो तो त्या किंचित मागेपुढे होण्यातूनच यायचा. म्हणून आता एकाच ढोलाच्या सहा ओळी केल्या आहेत आणि प्रत्येक ओळ पाच-दहा मिलिसेकंदांनी मागेपुढे सरकवली आहे. सॉफ्टवेअरमध्ये हे आपोआप करणारे बटणही असते, पण ते कुणालाही कुठेही ढकलते. आपल्या पथकात कोण घाई करायचा आणि कोण रेंगाळायचा हे मला पाठ आहे. चौथी ओळ तुझी आहे, आणि ती मागे ठेवली आहे.

दोन्ही फायली सोबत पाठवतो. मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नकोस, त्यावर डग्गा ऐकूच येत नाही. हेडफोन लाव आणि तेरावी मात्रा फार दबली आहे का, तेवढे कळव.

तुझा,
मधू