चार तासांचा शब्द दिला होतात, मंत्रिमहोदय

मा. आरोग्यमंत्री,
स.न.वि.वि.

रविवारी सकाळी जाग आली आणि सवयीने डाव्या मनगटावर बोटं ठेवली. सहा वर्षं तिथे रक्ताची थरथर लागायची. ती नव्हती. फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी हातातली धमनी आणि शीर जोडून केलेली वाट, बंद पडला होता.

शनिवारी डायलिसिसच्या मशीनवर आधी जांभया आल्या, मग पोटऱ्यांत गोळे, मग डोळ्यांपुढे अंधार. शुद्धीवर आलो तेव्हा पाय उंच केलेले होते, सलाइन चालू होतं आणि वरचा रक्तदाब ७०. दाब एवढा पडला की फिस्टुलातला प्रवाह मंदावतो, रक्त गोठू शकतं. आता माझ्या मानेच्या शिरेत कॅथेटर, म्हणजे नळी, आहे. अंघोळीची चोरी, तापाची धास्ती, आणि हातावर पुन्हा शस्त्रक्रिया.

डायलिसिस केंद्राच्या उद्घाटनाला आपण म्हणालात, प्रत्येकाला पूर्ण चार तास मिळतील. मी टाळ्या वाजवल्या, याच हाताने. आज आमची पाळी तीन तासांत उरकतात, कारण दाराशी पुढचा रुग्ण ताटकळत असतो.

त्या एका तासाचा हिशेब ऐका. माझं ड्राय वेट, म्हणजे अंगात साचलेलं जादा पाणी काढल्यावरचं वजन, ६० किलो. तीन लिटर पाणी चार तासांत काढलं तर तासाला ७५० मिली, म्हणजे किलोमागे तासाला साडेबारा मिली. तेच तीन तासांत काढलं तर किलोमागे साडेसोळाच्या वर. १३ च्या पुढे गेलेल्यांत मृत्यूचं प्रमाण जास्त दिसतं, हे किडनीच्या डॉक्टरांना ठाऊक आहे. शरीरातलं पाणी रक्तात परत यायला वेळ लागतो. मशीन त्याहून वेगाने ओढू लागलं की दाब कोसळणारच.

आणि कोसळला की पाणी काढणं थांबवतात, वर सलाइन देतात. म्हणजे जे काढायचं ते अंगातच राहतं. घरी आल्यावर दाब १९०. मग रक्तदाबाची गोळी वाढते. वाढलेल्या गोळीमुळे पुढच्या वेळी मशीनवर दाब आणखी लवकर पडतो. सहा वर्षं मी या चरकातून पिळून निघतोय, आणि दर वेळी बोलणी मलाच, "पाणी कमी प्या." मीठ कमी केल्याशिवाय तहान आवरत नाही, हे समजावून सांगायला आहारतज्ज्ञ कुठे आहे? ड्राय वेट शेवटचं कधी तपासलं, माझ्या फाइलमध्ये नोंदच नाही. सिस्टरांना दोष देत नाही. एकटी बाई किती मशीनकडे धावणार?

फ्रान्समध्ये ल्यॉंजवळच्या तासाँला आठ-आठ तासांचं संथ डायलिसिस आणि कमी मीठ, एवढ्यावर बहुतेक रुग्णांच्या रक्तदाबाच्या गोळ्या सुटल्या होत्या. आम्ही आठ मागत नाही. कबूल केलेले चार द्या.

पण तुमच्या खात्याला तास मोजायचेच नाहीत. अहवालात मशीन किती आणि डायलिसिस किती झाली, एवढंच. तीन तासांचंही एक, चारचंही एक. किती जणांचा दाब पडला, किती फिस्टुला गेले, याचा रकानाच नाही. जे कागदावर नाही त्याला कोणी जबाबदार नाही. रस्ता असो, शाळा असो की माणूस, सगळीकडे हाच कारभार. आठवड्याच्या १६८ तासांतले, तीन पाळ्या मिळून, फक्त १२ तास मशीन आमच्या किडनीचं काम करतं. त्यातलेही तीन तुम्ही कापलेत.

मंगळवारी माझी पाळी आहे. किलोमागे तासाला किती पाणी काढणार, हे मी सुई... नाही, आता कॅथेटर जोडण्याआधी विचारणार आहे. उत्तर द्यायला तिथे डॉक्टर हजर ठेवा.

आपला,
एक डायलिसिस रुग्ण