नाव तेच, जिवाणू मात्र वेगळा

महोदय,
प्रयोगशाळेत जिवाणूंचे वाण सांभाळण्यात माझी २१ वर्षे गेली, म्हणून हे तळमळीने लिहिते आहे.

आमच्याकडे दोन विद्यार्थिनींनी ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूचा ‘एमजी १६५५’ हा एकच वाण दोन वेगळ्या कुप्यांतून घेऊन मऊ आगरवर (जिवाणू वाढवायच्या पातळ जेलीवर) टोचला. सकाळी एका प्लेटवर जिवाणू पोहत पसरल्याने कडेपर्यंत गेलेले धुरकट वर्तुळ होते, दुसरीवर टोचल्या जागी नुसता ठिपका. पोरी रडवेल्या झाल्या; चूक आपलीच, असे त्यांना वाटले. पण डीएनए वाचून घेतला तेव्हा कळले की, पोहणाऱ्या जिवाणूत कशाभिका (पोहण्याची शेपटी) घडवणाऱ्या मुख्य जनुकांच्या अलीकडे डीएनएचा एक उड्या मारणारा तुकडा येऊन बसला होता. लेबल मात्र दोन्हींवर तेच!

यात नवल नाही. या वाणाचा पूर्वज ‘के-१२’ १९२२ साली एका रुग्णाच्या विष्ठेतून वेगळा केला गेला. पुढे पिढ्यान्‌पिढ्या काचेत वाढताना त्याच्या पेशीवरची बाहेरची शर्करासाखळी गेली. मूळच्या माणसाच्या आतड्यातल्या जिवाणूपासून तो कितीतरी दूर आला आहे.

शोधनिबंधात वाणाचे नुसते नाव छापून भागत नाही. कुपी कुठून आली, कितीदा पुनर्लागवड झाली (जुन्या वाढीतून नवी वाढ घेतली गेली), हेही छापायला हवे. आणि मूळ नमुना ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर गोठवून ठेवावा. दर आठवड्याला जुन्या प्लेटवरचे जिवाणू नव्या प्लेटवर ओढत राहण्याची सवय कृपया सोडा.

– एक प्रयोगशाळा साहाय्यक