पुठ्ठ्याची कार्डे सोलापुरातच पाहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या रविवार पुरवणीत जॅकार्ड माग (भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांवरून नक्षी विणणारा माग) आणि संगणक यांच्या नात्याची गोष्ट आपण छापली, याचा मला आनंद झाला. परंतु लेखाच्या शेवटी ‘अशी भोके पाडलेली कार्डे आता फक्त युरोपातील संग्रहालयांतच उरली आहेत’ हे वाक्य वाचले आणि तो आनंद तिथेच संपला. मी सोलापूरच्या पूर्व भागात एकतीस वर्षे चादरीच्या नक्षीची कार्डे पंच केली आहेत आणि माझ्या गल्लीतील कारखान्यात ती कार्डे आजही मागावर फिरत आहेत.

आधी चौकटीच्या कागदावर मोर रंगवायचा आणि मग त्यातील एकेका ओळीसाठी एकेक कार्ड पाडायचे, असे हे काम असते. भोक असेल तिथे सुई आरपार जाते, तिचा हुक उचलला जातो आणि ताण्याचा, म्हणजे उभा, धागा वर येतो. भोक नसेल तिथे सुई मागे ढकलली जाते आणि धागा खालीच राहतो. एक भोक जास्त पडले, तर प्रत्येक चादरीत मोराच्या मानेवर नेमक्या त्याच जागी डाग येई आणि मग कार्डांची सगळी माळ हातावर घेऊन, ते एक कार्ड शोधून, भोकावर कागद चिकटवावा लागे. इंग्लंडच्या गणिती एडा लव्हलेस बाईंनी १८४३ साली लिहिले की जॅकार्डचा माग फुले-पाने विणतो, तसे बॅबेज यांनी योजलेले, अशाच कार्डांवर चालणारे गणकयंत्र बीजगणिताची नक्षी विणते. हे त्यांनी किती अचूक लिहिले, हे आम्हा कामगारांना समजावून सांगावे लागत नाही.

दोन वर्षांपूर्वी नातीच्या शाळेत संगणकाच्या इतिहासाचे प्रदर्शन होते. मी चाळीस कार्डांची माळ स्वतः ओवून नेली. तेथील शिक्षकांनी ती न उलगडताच ‘आजोबा, हस्तकलेचे टेबल पलीकडे आहे’ असे सांगितले आणि माळ दिवसभर कागदी फुलांशेजारी पडून राहिली. नात घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. आपल्या लेखातील त्या वाक्यामुळे त्या शिक्षकांचेच म्हणणे खरे ठरते, याचे मला फार वाईट वाटते.

शिवाय फ्रेंच विणकर जॅकार्ड यांनी १८०४ साली हे सारे एकट्याने शोधले, असे लेखात म्हटले आहे, तेही बरोबर नाही. फ्रान्समधील लिआँ शहरातच बुशाँ यांनी १७२५ साली भोकांचा कागद वापरला होता, फाल्काँ यांनी त्याची कार्डे केली आणि व्होकान्साँ यांनीही त्यात भर घातली. जॅकार्ड यांनी ते सर्व जुळवून नीट चालणारे यंत्र उभे केले. लेखासोबतचे छायाचित्र तर साध्या हातमागाचे आहे; त्यावर कार्डे वाचणारी जॅकार्डची पेटीच नाही.

कृपया दुरुस्ती छापावी. छायाचित्रकार पाठवल्यास चालू माग आणि कार्डांची माळ मी स्वतः दाखवीन. सकाळच्या पाळीत यावे.

आपला,
एक जुना कार्ड पंचर, सोलापूर