छुपा कॅमेरा शोधायचा तर आधी त्याची वीज शोधा

महोदय,

सिनेमातला हेर पेनाचं टोपण फिरवतो आणि रात्रभरचं सगळं टिपून घेतो. पेनात मावणारी बॅटरी तेवढी पुरत नाही, ही अडचण तिथे कुणाला येत नाही. खरी हेरगिरी मात्र या अडचणीपाशीच अडते. १९४५ मध्ये मॉस्कोत सोव्हिएत मुलांनी अमेरिकी राजदूतांना लाकडी राजमुद्रा भेट दिली. आत होती धातूची पोकळ डबी, तिच्यावर पातळ पडदा आणि एक दांडी. बॅटरी नाही, वायर नाही. बाहेरून रेडिओलहरी सोडल्या की खोलीतल्या बोलण्याने पडदा थरथरे आणि परतणाऱ्या लहरींत ते बोलणं उतरे. लहरी थांबल्या की उरे नुसतं लाकूड. १९५२ पर्यंत ते कुणाला सापडलं नाही.

बाजारातला छुपा कॅमेरा इतका हुशार नसतो. तो साधारण २५० मिलिअँपिअर खात असेल, तर ५०० मिलिअँपिअर-अवरची बॅटरी दोन तासांत संपते. रात्रभर चालवायचा तर प्लग किंवा मोठी बॅटरी हवीच. म्हणून सिंहस्थाला पंचवटीत किंवा त्र्यंबकला लॉज घेणाऱ्यांनी फुलदाणी नंतर तपासावी. आधी पलंगाकडे किंवा न्हाणीकडे तोंड असलेले चार्जर, घड्याळ, सेट-टॉप बॉक्स पाहावेत. फोन लावलेला नसताना चार्जर कोमट लागला, तर तो उपटून उजेडात निरखावा.

मग दिवे घालवून पडदे ओढा. टॉर्च डोळ्याच्या बाजूला धरून दोन-तीन मीटरवरून भिंती सावकाश न्याहाळा. भिंग बारीक ठिपक्यासारखं चमकतं. घाईत हा ठिपका हमखास सुटतो. अंधारात पाहणाऱ्या कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे डोळ्यांना क्वचितच दिसतात, फोनच्या सेल्फी कॅमेऱ्याला बरेचदा दिसतात. पण आधी टीव्हीच्या रिमोटवर खात्री करा: बटण दाबल्यावर स्क्रीनवर ठिणगी दिसली नाही, तर तो फोन या कामाचा नाही.

वायफाय तपासणाऱ्या ॲपवर विसंबू नये. फक्त मेमरी कार्डात साठवणारा कॅमेरा वायफायच्या लहरीच सोडत नाही, मग ॲपला काय सापडणार? आरसा पलीकडून आरपार दिसणारा आहे का, हे त्याला नख लावून पाहण्याची युक्तीही बेभरवशाची. अंधारात काचेला टॉर्च टेकवून पलीकडे पोकळी दिसते का, ते पाहा.

कॅमेरा सापडलाच तर कार्ड काढू नका, बोटांचे ठसे पुसतील. वर कापड टाका, फोटो काढा, ११२ लावा. स्त्रीचं असं चित्रीकरण करणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली पहिल्याच गुन्ह्याला एक ते तीन वर्षं कैद आहे.

राहिल्या रामकुंडावरच्या कपडे बदलण्याच्या जागा. तिथे प्लग नसला, तरी १०,००० मिलिअँपिअर-अवरची पॉवर बँक असा कॅमेरा जवळपास दिवसभर चालवते. मात्र ती साबणाच्या वडीहून मोठी, लपवायला पिशवी किंवा खोका लागतोच. महापालिकेने तिथे महिला कर्मचारी नेमाव्यात आणि बेवारस पिशवी, खोका, उलटी बादली दर फेरीला बाहेर काढायला लावावी.

— इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्ती करणारे काही वाचक, नाशिक