स्वस्त ‘एम५’चा महागडा हिशेब

संपादक महोदय,

जुन्या आलिशान गाड्या घेणारे बरेच जण रंग, सीट आणि किलोमीटर पाहूनच विसार देतात. बीएमडब्ल्यू एम५ची २००५ ते २०१० मधली ई६० पिढी पाहा. पाच लिटरचे, ५०७ अश्वशक्तीचे व्ही-१० इंजिन. आवाज ऐकून भान हरपावे असे! मात्र त्याच्या कनेक्टिंग रॉडची (पिस्टनला क्रँकशाफ्टशी, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याशी, जोडणाऱ्या दांड्याची) बेअरिंग लवकर झिजतात. बेअरिंग आणि क्रँकशाफ्टमधली फट कमी, त्यात १०डब्ल्यू-६० हे जाड ऑइल, हे त्याचे कारण सहसा सांगितले जाते. थंड इंजिन ताणले की झीज वाढते. बेअरिंग आपली जागा सोडून फिरले तर क्रँकशाफ्टसकट इंजिन बाद.

म्हणून सौद्याआधी इंजिन ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत तपासावा. बेअरिंग झिजून ऑइलमध्ये उतरणारे शिसे, तांबे वाढलेले दिसले तर बेअरिंग बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करावा. खडखड ऐकू येईपर्यंत उशीर झालेला असतो. थ्रॉटल ॲक्च्युएटर (इंजिनात जाणाऱ्या हवेची झडप उघडणारी मोटर) आणि क्लच पेडल नसलेल्या एसएमजी गिअरबॉक्सचा हायड्रॉलिक पंप हीसुद्धा नेहमीची दुखणी, तेव्हा गाडीच्या संगणकातले बिघाड वाचणारा स्कॅनर लावाच. ‘सर्व्हिस वेळेवर झालीय’ ही तोंडी हमी बिलांशिवाय कवडीमोल. दुरुस्तीसाठी वेगळी रक्कम बाजूला नसेल, तर त्याच पिढीची साधी बीएमडब्ल्यू ५३० घ्यावी.

– एक मोटार तंत्रज्ञ, पुणे