सरलं एकदाचं २०२५

मिरज
११ जानेवारी २०२६

प्रिय शुभे,

पाकीट बघून घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही. कुणी गेलं नाही, हीच तर बातमी आहे. ती तुझ्याशिवाय कुणाला सांगितली तर मला उचलून दवाखान्यात टाकतील, आणि आमच्या गावात दवाखान्यांना तोटा नाही.

१९४६–२०२५. आठवतंय?

कर्वेनगरची खोली, २००६ चा पावसाळा, तुझ्या त्या टीम लीडनं ऑनसाइटहून आणलेल्या 'सिक्स फीट अंडर'च्या डीव्हीडी, अंत्यविधीचा धंदा करणाऱ्या त्या अमेरिकन फिशर कुटुंबाची मालिका. शेवटची नेमकी चरे पडलेली. धाकटी क्लेअर गाडी घेऊन न्यूयॉर्कला निघाली, ते गाणं सुरू झालं, एकेकाचं मरण दाखवायला लागले, आणि पहिलाच नंबर तिच्या आईचा, रूथचा. पांढऱ्या पडद्यावर रूथ ओकॉनर फिशर, खाली दोन सालं, आणि बाई तिथंच अडकल्या. तू ओढणीनं पुसलीस, मी टूथपेस्ट चोळली, तरी वीस मिनिटं ती पाटी आपल्यासमोर तशीच. आणि तू, आगाऊ कुठली, म्हणालीस, "वैजे, तुझी आईपण सेहेचाळीसचीच ना गं?"

तेव्हा मी हसले होते. २०२५ म्हणजे तेव्हा उडत्या मोटारींचं साल वाटायचं.

मग ते आलं की गं. मागच्या एक जानेवारीला दुकानात नवं कॅलेंडर लावलं, खिळ्यावर नीट बसवलं, साल वाचलं आणि पोटात गोळा आला. तुला वाटेल, ही बाई तिरडीचं सामान विकते, हिला कसली भीती. मलाही तसंच वाटायचं. बाबा गेल्यापासून बारा वर्षं मी गल्ल्यावर आहे. रात्री दोनला फोन आला तर "किती उंची?" एवढंच विचारते. कळक, कामट्या, सुतळी, कडबा, मडकं, गोवऱ्या, मांजरपाट, गुलाल, तुळशीची माळ: झोपेतसुद्धा काढून देईन. तूच आमच्या दुकानाला 'फिशर अँड सन्स' म्हणायचीस आणि बाबांना ते इतकं आवडलं होतं की पाटी बदलायला निघाले होते. पण परक्याची तिरडी वेगळी.

वर्षभर मी आईला जगू दिलं नाही, हे तिचे शब्द. ईसीजी दोनदा, रक्त चारदा. माडीवर जायचं नाही, न्हाणीत कडी लावायची नाही. रात्री उठून तिचा पदर वरखाली होतोय का बघायचे. एकदा तिनं डोळे न उघडताच सांगितलं, "आहे अजून. झोप जा."

आणि त्यात नोव्हेंबरात भिशीतल्या बायकांनी नर्मदा परिक्रमेची बस ठरवली. वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी! मी नाही म्हटलं, रडले, दोन दिवस बोलले नाही. आई म्हणाली, "मरायचंच असलं तर नर्मदा काय वाईट? तुझा सामानाचा खर्च वाचेल." गेली. मैया ओलांडायची नसते, म्हणून मुखाशी समुद्रातून नावेनं पलीकडच्या तीरावर जातात, भरती बघून. त्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिचा फोन संपर्कक्षेत्राच्या बाहेर. मला काय आठवलं सांगू? रूथचा थोरला नेट दवाखान्यात आणि रूथ कुठल्याशा रानात तंबू ठोकून बसलेली, त्याचा भाऊ डेव्हिड फोन लावून लावून थकलेला. इथं आई रानात आणि मी डेव्हिड. सात वाजता फोन आला. "अगं, समुद्रात होते. लाइफ जॅकेटात फोटो काढलाय, पाठवू?"

फोटो सोबत ठेवलाय. केशरी जॅकेट, त्यातून बाहेर आलेला नऊवारीचा पदर, आणि चेहऱ्यावर असं काही की बाबांबरोबरच्या एका फोटोत मला ते सापडलं नाही. रूथनंही शेवटी दुसऱ्या नवऱ्याला, जॉर्जला, वेगळं घर करून दिलं आणि टोपांगाच्या डोंगरात कुत्र्यांचं पाळणाघर काढलं ना? तेव्हा आपल्याला ते विनोदी वाटलं होतं. आपण चोवीसच्या होतो.

तर ३१ डिसेंबर. आई नऊला झोपली. मी तिच्या खोलीच्या उंबऱ्यात स्टूल टाकून बसले, पायाला मुंग्या आल्या. (हो, मनात 'नार्म' म्हटलं, हात बधिर होऊन कोसळताना नेट 'नम्ब आर्म'चं करतो ते. आता चाळीशी ओलांडल्यावर हा विनोद पूर्वीसारखा राहिला नाही.) पावणेबाराला ती उठली. कवळी वाटीत, त्यामुळे बोलणं अर्धं हवेत. "तू का जागी?"

सांगून टाकलं. सगळं. कोण रूथ, कुठली मालिका, डीव्हीडी कशी अडकली. तिनं नीट ऐकून घेतलं, कवळी बसवली आणि विचारलं, "कुत्र्यांचं पाळणाघर? मग बरीच जगली म्हणायची." थोड्या वेळानं म्हणाली, "आणि माडीवर बोहारणीच्या पातेल्यांमागं ते बांधून ठेवलंयस, ते माझ्यासाठीच ना?"

शुभे, मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. हे तुलाही सांगणार नव्हते. फेब्रुवारीत एक संच बाजूला काढून ठेवला होता. ऐनवेळी आपल्याच घरात सामान कमी पडलं तर, एवढाच विचार, अगदी दुकानदाराचा. आईला तो गणपतीत सापडला, मखर शोधताना. चार महिने ती गप्प होती! नर्मदेला जाऊन आली, माझ्या हातचं खात होती, माझे ईसीजी सोसत होती, आणि माडीवर तिचं गाठोडं आहे हे तिला ठाऊक होतं.

"कापड पातळ आहे," म्हणाली. "तुझ्या बाबांनाही तू असलंच घातलं होतंस. मी तेव्हा बोलले नाही."

बाराला फटाके वाजले. आम्ही दोघींनी चहा केला. २०२५ संपलं आणि मी बेसिनपाशी उभी राहून इतकी रडले की आई म्हणाली, आता तूच जातीस की काय.

सव्वा वाजता शटर वाजलं. विशीतला पोरगा, आजी गेली होती, घरात दुसरं कुणी माणूस नाही, खिशात यादी नाही, डोळे कोरडे. मी सामान काढायला लागले तर आई मागून म्हणाली, "माडीवरचं दे की. बांधलेलंच आहे." त्याला समोर बसवून तिनं सांगितलं: दोन कळक लांब, कामट्या आडव्या, कडबा सारखा पसर, नाहीतर पाठीला टोचतं. मेलेल्या माणसाच्या पाठीला! पायाचे अंगठे कसे बांधायचे ते त्याच्याच बोटांवर सुतळी गुंडाळून दाखवलं. जाताना मला म्हणाली, "पैसे कमी घे. कापड पातळ आहे."

म्हणून मग मी या आठवड्यात पाचवा सीझन पुन्हा काढला. जुन्या हार्ड डिस्कवर होता. रोज दुकान बंद करून दोन भाग. बाकीचे एक्कावन्न भाग बघायला धीर नव्हता, थेट शेवटचे बारा. अगं, किती क्रूर आहे तो! मला आठवत होतं ते सगळं शेवटच्या सात मिनिटांचं. पहिल्याच भागात नेटच्या ब्रेंडाचा गर्भ जातो आणि तरी लग्न उरकतात, हे मी पार विसरले होते. क्लेअर ऑफिसात लांब मोजे घालून मनातल्या मनात गाणं म्हणते ते मात्र अजून तेवढंच धमाल.

आणि एक गोष्ट तेव्हा आपल्या ध्यानात आली नव्हती. नेट शेवटी मरत नाही. नवव्या भागात मरतो. दुसऱ्या कुणी त्याला अखेरपर्यंत ताणला असता, पण मालिकेच्या कर्त्यानं, ॲलन बॉलनं, मुख्य माणूस मारला आणि पुढं तीन भाग शिल्लक ठेवले. दहावा, अकरावा, बारावा. आपल्या गुरुजींनी लिहिल्यासारखं! दहाव्याला माती, अकराव्यात घर विस्कटलेलं, एकमेकांच्या अंगावर धावणं, आणि बाराव्याला पोर जन्मतं, मृत्यूनं सुरू न होणारा एकच भाग. पहिल्या तीन सीझनना तेरा-तेरा भाग होते, याला बाराच. तेराव्याचं गोडाचं जेवण नाही.

आता नेटचं भांडण. बस नीट. तू म्हणाली होतीस, तो नालायक आहे. दवाखान्यातल्या खाटेवरून गरोदर बायकोला 'आपलं संपलं' सांगतो आणि रात्रीत मरून जातो, तिला उलट बोलायलासुद्धा जागा ठेवत नाही. मी म्हणाले होते, डोक्यात रक्त फुटलेल्या माणसाकडून काय हिशेब मागतेस. दोन दिवस अबोला, गॅस संपला, सिलिंडर कुणी लावायचा यावर अडून दोघींनी मॅगी केटलीत केली. तर ऐक. तू बरोबर होतीस. अर्धी. तो नालायक आहेच, पण त्याला पुढची वेळ मिळणार नाही हे त्याला कुठं ठाऊक होतं? उद्या समजूत काढू या भरवशावर सगळेच नालायकपणा करतो. मी ब्रेंडाच्या बाजूनं रडले या वेळी. नेटच्या बाजूनं नाही.

मी अडकले ती दहाव्या भागात. नेटला पेटी नको होती, रसायनं नको होती. म्हणून त्या घरातली माणसं, ज्यांचा धंदाच मढी सजवायचा, त्याला नुसत्या कापडात गुंडाळतात, रानात नेतात आणि आपल्या हातांनी माती लोटतात. पूर्वी आपण ते प्रसंग 'बघ, शेवटी आपल्यासारखं केलं' म्हणून मिरवले होते. या वेळी मी फक्त हात बघत होते. फावडं कुणाच्या हातात, कापडाचं टोक कुणी धरलंय. धंद्यातली नजर. आणि मला काकू आठवल्या, तुझी आई.

मे २०२१. मी हे पाच वर्षं लिहायचं टाळलंय. त्या दोन महिन्यांत रोज शहरात किती माणसं जात होती, आणि माझ्या दुकानातून कळकाचं एक टोक हललं नाही. कुणाला तिरडीच लागत नव्हती. पिशवी यायची, चौघे जण नखशिखान्त झाकलेले, संपलं. काकूंसाठी मी मांजरपाट काढला होता, चांगला, जाड. तुळशीची माळ परसातल्या मंजिऱ्यांची केली होती. दिवसभर काउंटरवर ठेवून संध्याकाळी परत आत नेली. तू टोरांटोत, विमानं बंद, तुझ्या हाताला काहीच नाही. आणि तुला मी काय पाठवलं? माणसं का मरतात यावर नेटनं दिलेलं ते उत्तर, 'जगण्याला मोल यावं म्हणून'. व्हॉट्सअॅपवर. पुढं दिव्याचं चित्र.

तू निळ्या खुणा होऊ दिल्यास आणि उत्तर दिलं नाहीस. बरोबर केलंस. माझ्या आईबद्दल मला कुणी ते वाक्य ३१ डिसेंबरला पाठवलं असतं तर मी फोन कृष्णेत टाकला असता. मला तेव्हा मालिकेतलं सुचलं, कारण माझं स्वतःचं जे होतं ते काउंटरवर पडून होतं आणि ते तुला सांगायची लाज वाटली. दुकानदारी वाटली असती. तर आता सांगितलं. कापड अजून आहे, विकलेलं नाही, आणि आईला देणार नाही. तिनं स्वतःसाठी नवं निवडलंय, मुंबईहून मागवायला लावलं. तू आलीस की घाटावर जाऊ, ते काकूंच्या नावानं सोडू, नाहीतर फाडून पणत्यांच्या वाती करू, तू म्हणशील ते. नाही म्हणालीस तरी चालेल.

बरं, तुझं काय? राहुलची नोकरी टिकली का? चिनूला मराठी वाचता येतं की अजून मोडी दिसते? थंडी किती आहे हे विचारत नाही, तू आकडा सांगून जीव घाबरा करतेस. गुडघा म्हणे दुखतो. माझाही. चालायचंच.

हो, आणि ब्रेंडाचं मरण! भाऊ बडबडतोय, बडबडतोय, आणि ही गेली. २०५१. आईला ते एवढं आवडलं की वसंतमामा आला की ती माझ्याकडे बघून डोळे मिटून घेते.

ती आत्ता विचारतेय, शुभाला कुठलं साल दिलंय. म्हटलं, ती क्लेअर, निघून गेलेली, २०८५. आणि तू? मी डेव्हिड, दुकानात राहिलेली, २०४४. ती बोटांवर मोजून म्हणाली, "अठरा वर्षं. मग माडीचे पत्रे आत्ताच बदलून घे." आणि तुला निरोप आहे: शंभरी गाठणार असलीस तरी उत्तर या महिन्यात पाठव, लिंबाचं लोणचं मुरलंय, कुणाबरोबर पाठवायचं ते कळव.

तुझी
वैजू

ता. क. फोटो परत पाठव. एकच प्रत काढलीये.